‘मेंबर’ला मराठीत काय म्हणावे? : कुक काउंटीच्या धर्मगणनेच्या निमित्ताने

दोन वर्षांपूर्वी भाषांतराच्या अंतर्गत परीक्षेसाठी मी एक उतारा निवडला होता. अमेरिकेतील शिकागो शहर ज्या काउंटीत येते त्या कुक काउंटीतील धर्मसंस्थांविषयीचा तो उतारा. कोणत्या पंथाची किती प्रार्थनास्थळे, त्यांचे ‘मेंबर’ किती, ‘अ‍ॅडहेरन्ट’ किती, आठवड्याच्या उपासनेला प्रत्यक्ष येतात किती, अशी ती माहिती. उतारा रूक्ष होता, म्हणून सोपा असेल असे मला वाटले. एकोणीसपैकी चौदा विद्यार्थ्यांनी तिन्ही ठिकाणी ‘भाविक’ हा एकच शब्द लिहिला. परिणामी एका चर्चला इतके भाविक असून त्याहून अधिक भाविक आहेत आणि त्यांपैकी निम्मे भाविक येतात, असे चमत्कारिक वाक्य तयार झाले. मी गुण कापले. पण उत्तरपत्रिका परत देताना फळ्यावर ‘योग्य उत्तर’ लिहायची वेळ आली, तेव्हा माझाही खडू थांबला. प्रस्तुत लेख त्या थांबण्यातून आलेला आहे.

अडचण शब्दकोशाची नव्हती. ‘सभासद’, ‘अनुयायी’, ‘उपासक’, ‘भक्त’, ‘श्रद्धाळू’ असे शब्द कोशात हवे तितके सापडतात. अडचण ही होती, की मूळ उताऱ्यातील आकडे कोणत्या क्रियेतून जन्माला आले हे मला आणि विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हते. मोजणारा काय मोजत होता हे कळल्याशिवाय मोजलेल्याला नाव देता येत नाही.

आपल्याकडे जनगणनेचा प्रगणक दारात येतो आणि धर्म विचारतो. घरातील प्रत्येकासाठी रकाना भरला जातो, तान्ह्या मुलासाठीसुद्धा. देवळात कोण जाते, वर्गणी कोण भरते, याच्याशी त्या रकान्याचा संबंध नाही. अमेरिकेत सरकारची दशवार्षिक जनगणना व्यक्तीला धर्म विचारत नाही. १९५७ मध्ये एका नमुना पाहणीत ऐच्छिक स्वरूपात तो प्रश्न विचारला गेला होता, आणि त्यास विशेषतः ज्यू संघटनांनी कडाडून विरोध केला. युरोपात सरकारी नोंदवह्यांतील धर्माच्या रकान्याने काय घडवले, ही आठवण तेव्हा जेमतेम बारा वर्षांची होती. पुढे १९७६ च्या कायद्याने धर्माविषयी उत्तर देण्याची सक्ती करताच येणार नाही, असे ठरले.

मग कुक काउंटीत कोणत्या पंथाचे किती, हे कळते कसे? तेथे माणसाला नव्हे, संस्थेला विचारतात. पूर्वी हे काम सरकारच करीत असे. १९०६, १९१६, १९२६ आणि १९३६ अशा चार वेळा सरकारने धर्मसंस्थांची स्वतंत्र गणना केली. शेवटच्या खेपेला अनेक चर्चनी माहितीच नीट दिली नाही, आणि पुढे ती प्रथा बंद पडली. त्यानंतर १९५२ चा एक प्रयत्न, मग १९७१, आणि १९८० पासून दर दहा वर्षांनी खाजगी पातळीवर, निरनिराळ्या पंथांचे संख्याशास्त्रज्ञ एकत्र येऊन ही गणना करतात. २०२० च्या गणनेत ३७२ धर्मसंस्थांची साडेतीन लाखांहून अधिक प्रार्थनास्थळे नोंदली गेली आणि सुमारे १६ कोटी माणसे कोठे ना कोठे जोडलेली आढळली. म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या निम्म्याहून किंचित कमी. हे आकडे काउंटीवार मिळतात. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. कुक काउंटीची लोकसंख्या २०२० मध्ये सुमारे ५२ लाख ७५ हजार होती, पैकी निम्म्याहून थोडे अधिक लोक शिकागो शहरात राहतात.

आता खरा प्रश्न सुरू होतो. प्रत्येक संस्था आपली माणसे आपापल्या रीतीने मोजते.

कॅथलिक चर्चच्या दृष्टीने बाप्तिस्मा झालेले दोन महिन्यांचे बाळ पूर्णपणे त्यांचे असते. शिवाय कॅथलिक व्यवस्थेत फिर्गज ही मुळात जमिनीची वाटणी आहे. वसईकडचे मराठी कॅथलिक तिला ‘धर्मग्राम’ म्हणतात, आणि त्या शब्दातच गाव आहे. फिर्गजेच्या हद्दीत राहणारा कॅथलिक त्या फिर्गजेचा, त्याने नाव नोंदवलेले असो वा नसो. गोव्यातील वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. अमेरिकेत मात्र यावर एक दुसरी प्रथा चढली. कुटुंबाने फिर्गजेच्या कार्यालयात नाव नोंदवायचे, मग त्यांना क्रमांक आणि वर्षभराच्या देणगीची पाकिटे मिळतात. शिकागोच्या पिल्सन भागात मेक्सिकोहून आलेली कुटुंबे राहू लागली, तेव्हा हा पाकिटांचा प्रकार त्यांना अनोळखी होता. गावाकडे चर्च होते आणि आपण त्या चर्चचे होतो, एवढे त्यांना पुरत असे. नोंदवहीत नाव नाही म्हणजे आपण येथले नाही, हे कोणी मनात आणत नसे.

त्याच पिल्सनमध्ये सेंट अ‍ॅडलबर्ट हे दोन उंच मनोऱ्यांचे चर्च आहे. पोलिश स्थलांतरितांनी १८७४ मध्ये ही फिर्गज स्थापली, आजची इमारत १९१४ च्या सुमारास उभी राहिली. ही जमिनीची नव्हे, भाषेची फिर्गज होती. शहरात आयरिश, जर्मन, लिथुआनियन, पोलिश अशा भाषावार फिर्गजा शेजारीशेजारी होत्या, आणि रस्त्याच्या एका बाजूची माणसे दुसऱ्या बाजूच्या चर्चमध्ये जात नसत. सीमाभागातील वाचकांना यात काही ओळखीचे दिसेल. पुढे पोलिश कुटुंबे उपनगरांत गेली, चर्चमध्ये स्पॅनिश मिस्सा सुरू झाली, आणि २०१९ मध्ये ते बंद करण्यात आले. बंद होऊ नये म्हणून धडपडणाऱ्यांत मेक्सिकन होते, तसेच कित्येक मैलांवर राहायला गेलेल्या पोलिश घरांतले लोकही होते. यांतला ‘मेंबर’ कोण?

बॅप्टिस्टांचा हिशेब याच्या अगदी उलटा. तेथे जन्माने कोणी सभासद होत नाही. समजत्या वयात स्वतः विश्वास जाहीर करून पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेतलेला माणूसच मंडळीच्या पटावर येतो. त्यामुळे शेजारच्या दोन चर्चमध्ये प्रत्येकी दोनशे माणसे येत असली, तरी कॅथलिकांचा आकडा मुलाबाळांसह मोठा आणि बॅप्टिस्टांचा लहान दिसतो. ही तफावत सांधण्यासाठी गणना करणाऱ्यांनी ‘अ‍ॅडहेरन्ट’ हा दुसरा शब्द योजला. पूर्ण सभासद, त्यांची मुले, आणि सभासद नसूनही नियमाने येणारे, असे सगळे त्यात येतात. ज्या संस्थेकडे फक्त सभासदांचा आकडा असतो, तिचा दुसरा आकडा गणितानेच काढतात. काउंटीच्या एकूण लोकसंख्येला चौदा वर्षांखालील मुले वगळून उरलेल्या लोकसंख्येने भागायचे आणि त्या गुणोत्तराने सभासदसंख्या वाढवायची. समजा काउंटीत अशी मुले पाचातले एक आहेत, तर शंभर सभासदांचे सव्वाशे होतात. हे पंचवीस जण कोणी पाहिलेले नसतात. माझे विद्यार्थी ज्यांना ‘भाविक’ म्हणत होते, त्यांतले काही जण अशा रीतीने भागाकारातून आलेले होते!

ज्यू सिनेगॉगमध्ये बहुधा कुटुंब हे सभासदत्वाचे एकक असते आणि वार्षिक वर्गणी कुटुंबाची असते. मशिदीत पट ठेवण्याची रीतच सहसा नसते. शुक्रवारी किती येतात, ईदला किती येतात, यावरून अंदाज बांधावा लागतो. हिंदू मंदिरांचे पुढे पाहू.

सर्वांत जास्त माणसे निसटली ती कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली, आणि येथे क्षणभर थांबले पाहिजे. १९१० मध्ये शिकागोत सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय होते, १९३० मध्ये सुमारे २ लाख ३४ हजार. मिसिसिपी, अलाबामा, लुइझियाना येथून आगगाडीने आलेली ही माणसे दक्षिण शिकागोच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात कोंबली गेली. ऑलिव्हेट बॅप्टिस्ट चर्चसारख्या जुन्या मंडळीची सभासदसंख्या दहा हजारांवर गेली, आणि जगातील सर्वांत मोठी प्रॉटेस्टंट मंडळी म्हणून ती ओळखली जाऊ लागली. पण एवढ्या मोठ्या मंडळीत गावाकडून आलेल्या बाईला कोणी नावाने हाक मारणार नाही. मग कोणी उपदेशक एखादा रिकामा दुकानगाळा भाड्याने घेई, काचेवर रंगाने नाव लिही, घडीच्या खुर्च्या मांडी, आणि तीसचाळीस माणसांची मंडळी सुरू होई. सेंट क्लेअर ड्रेक आणि होरेस केटन यांच्या १९४५ सालच्या ‘ब्लॅक मेट्रोपोलिस’ या ग्रंथात या दुकानचर्चांचे तपशीलवार वर्णन आहे. अशी मंडळी भाडे थकले की गल्ली बदले, उपदेशक आजारी पडला की विरून जाई. कोणत्याही मध्यवर्ती कार्यालयात तिची नोंद नसे. संस्थांना पत्र पाठवून केलेल्या गणनेत ती येणार कशी? दुकानचर्चच कशाला, २००० सालच्या गणनेतसुद्धा कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक मोठ्या पंथांचा बहुतांश भाग आलेला नव्हता. कुक काउंटीसारख्या ठिकाणी याचा अर्थ असा, की रविवारी सकाळी ज्या वस्तीतले रस्ते गजबजलेले असतात ती वस्ती तक्त्यात धर्महीन दिसते. एखाद्या संशोधकाने केवळ तक्ता वाचून त्या वस्तीच्या स्वभावाविषयी निष्कर्ष काढले तर? असे निष्कर्ष काढणारे कमी नसतात.

बॅप्टिस्ट मंडळ्यांत आणखी एक प्रथा आहे. एका मंडळीतून दुसऱ्या मंडळीत जाताना सभासद जुन्या मंडळीचे पत्र घेऊन जातो, मग जुन्या पटावरून नाव उतरते आणि नव्यावर चढते. पण सगळेच पत्र आणत नसत. आईवडील ज्या चर्चच्या आवारात पुरले आहेत, त्या चर्चमधून नाव काढायला मन तयार होत नसे. अशांसाठी ‘वॉचकेअर’ नावाची सोय असते. नाव गावाकडच्याच मंडळीत, पण शहरातील मंडळी त्याच्याकडे लक्ष ठेवील, आजारपणात जाईल, प्रसंगी दफनही करील. मुंबईच्या धोबीतलावावरील गोवेकरांच्या कुडींविषयी ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ही मनःस्थिती चटकन कळेल. जहाजावर नोकरी, खोली मुंबईत, नाव मात्र गावच्या फिर्गजेत आणि फेस्ताला गावी.

अमेरिकेतील ही ऐच्छिक व्यवस्था, म्हणजे सरकारचा धर्म नाही, पंथ अनेक, आणि प्रत्येकाचा खर्च त्याच्या माणसांच्या वर्गणीवर चालतो, ही मराठी वाचकाला पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्येच सविस्तर सांगितली. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या त्यांच्या ग्रंथात तेथील धर्मपंथांसाठी व धर्मादायासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. आपण हा ग्रंथ स्त्रीप्रश्नासाठी आणि प्रवासवर्णन म्हणून शिकवतो, या प्रकरणावरून मात्र घाईने पुढे जातो. रमाबाईंची अमेरिकेतील एक जिव्हाळ्याची सहकारी फ्रान्सेस विलर्ड ही कुक काउंटीतील इव्हॅन्स्टन गावची. आणि गंमत अशी, की स्वतः रमाबाईंना कोणत्या पटावर लिहावे, हा त्यांच्या हयातीत वादाचा विषय होता. १८८३ मध्ये वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्या चर्चच्या सर्व मतांना बांधून घ्यायला त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात स्पष्ट नकार दिला. तीच गोष्ट नारायण वामन टिळकांची. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा होती. मधल्या काळात लक्ष्मीबाई होत्या. नवरा ख्रिस्ती, त्या अजून नाहीत, पुढे काही वर्षांनी त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना मी आता मुलांना विचारते, की त्या मधल्या वर्षांत कुक काउंटीचा गणक आला असता तर लक्ष्मीबाईंना कोणत्या रकान्यात घातले असते? वर्गात बराच वेळ भांडण चालते. चालू द्यावे.

आता हिंदू मंदिरे. शिकागोजवळ लेमाँट येथे टेकडीवर जे मोठे राममंदिर आहे, ते १९८६ मध्ये खुले झाले. पुण्याहून, इंदूरहून, बडोद्याहून तेथे गेलेल्या माणसाला आयुष्यात कधी देवळाचे ‘सभासद’ व्हावे लागलेले नसते. देऊळ असते, आपण जातो. अमेरिकेत देऊळ उभारायचे तर ना-नफा संस्था नोंदवावी लागते, घटना लिहावी लागते, विश्वस्त निवडावे लागतात, आणि निवडायचे म्हणजे मतदार कोण हे ठरवावे लागते. मग वार्षिक सभासद, आजीव सभासद, देणगीदार अशा श्रेणी येतात. बॅप्टिस्टांच्या पटाची रचना अशा रीतीने हिंदू देवळात शिरते. शिकागोच्या महाराष्ट्र मंडळात १९६९ पासून मराठी माणसे वर्गणी भरून सभासद होत आली, पण ते मंडळ आहे. तेथे गणपती बसत असला तरी ते देऊळ नव्हे, हे कोणालाही सांगावे लागत नाही. आजीव सभासदाची पावती हातात घेऊन रामासमोर उभे राहणे ही वेगळी गोष्ट आहे.

येथवर मी वर्गात आले, तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘‘पण बाई, आमच्या देवळात मेंबर असतातच की. महाजन.’’

ती बरोबर होती, आणि मला लाज वाटली. गोव्यातील देवस्थानांना पोर्तुगीज आमदानीतील १९३३ चा देवस्थान कायदा लागू आहे. त्यानुसार महाजनांची नोंदवही असते, नोंदवहीत नाव असलेलाच सर्वसाधारण सभेत बसतो, समितीच्या निवडणुकीत मत देतो. महाजन म्हणजे देवस्थान स्थापणाऱ्या घराण्यांतील सज्ञान पुरुष. ज्यांचे ते कुलदैवत आहे, जे पिढ्यान्‌पिढ्या कौल लावायला, नवस फेडायला येतात, पण ज्यांना मत नाही, ते कुळावी. आणि जत्रेला गर्दी करतात ते सगळे भाविक. म्हणजे सभासद, जोडलेले आणि येणारे हे तीन थर आपल्या बोलीत, आपल्याच देवळाच्या प्राकारात, नावानिशी उभे होते. कोशात शोधत बसलेल्या शिक्षिकेला ते दिसले नाहीत. दिसायला हवे होते, कारण आमच्या कुलदेवतेच्या नोंदवहीत माझ्या भावाचे नाव आहे, माझे नाही. पालखीची आरती मला त्याच्यापेक्षा जास्त पाठ आहे.

अर्थात बॅप्टिस्टाला ‘महाजन’ म्हणता येणार नाही. महाजनपण जन्माने येते, बॅप्टिस्ट सभासदत्व जन्माने येऊच शकत नाही. कॅथलिकाला ‘कुळावी’ म्हणावे तर हसू येईल. भाषांतरात शब्द उचलून ठेवायचा नसतो, त्या शब्दाने ओळखला जाणारा भेद ठेवायचा असतो. मराठी प्रॉटेस्टंटांनी ‘चर्च’साठी ‘मंडळी’ हा शब्द दीड-दोनशे वर्षे वापरला, बायबलच्या मराठी भाषांतरात तो रुळला. इमारत नव्हे, माणसे, हा अर्थ त्याने नेमका धरला. ‘घरची मंडळी’ म्हणणाऱ्या भाषेत तो परका वाटला नाही. हे काम करणारे भाषांतरकार आपल्या वाङ्मयेतिहासात क्वचितच दोन ओळी मिळवतात.

राहिला तिसरा आकडा, प्रत्यक्ष उपस्थितीचा. याबाबतीत १९९३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास विद्यार्थ्यांना जरूर सांगावा. कुक काउंटीचा नव्हे, ओहायो राज्यातील अ‍ॅश्टाब्युला या लहान काउंटीचा. तीन समाजशास्त्रज्ञांनी दूरध्वनीवर विचारले, तेव्हा छत्तीस टक्के प्रॉटेस्टंटांनी आठवड्यात चर्चला गेल्याचे सांगितले. मग त्यांनी काउंटीतील रस्तेन्‌रस्ते फिरून यादीत नसलेली चर्चसुद्धा शोधली, हजेरीचे आकडे मिळवले, काही ठिकाणी आवारात उभ्या मोटारी मोजल्या. हजेरी निघाली वीस टक्क्यांच्या आसपास. लोक खोटे बोलत होते असे म्हणणे मला घाईचे वाटते. ‘तुम्ही गेलात का’ या प्रश्नात त्यांना ‘तुम्ही जाणाऱ्यांपैकी आहात का’ हा प्रश्न ऐकू आला असावा. शब्द ऐकणाऱ्याच्या घरचा अर्थ घेतो. याच सुमारास कोठल्या तरी चर्चचे, सिनेगॉगचे वा मशिदीचे सभासद आहोत असे सांगणारे अमेरिकन १९९९ मध्ये सत्तर टक्के होते, २०२० मध्ये सत्तेचाळीस टक्के. यांतले किती जण श्रद्धेपासून दूर गेले आणि किती जण ‘सभासद’ या शब्दापासून, हे त्या आकड्यावरून कळत नाही. दक्षिण बॅरिंग्टनच्या विलो क्रीकसारख्या नाट्यगृहवजा महाचर्चमध्ये शेजारच्या काउंट्यांतूनही मोटारी भरून लोक येतात. गणनेत माणूस त्याच्या घराच्या नव्हे, चर्चच्या काउंटीत मोजला जातो. त्यामुळे काउंटीची लोकसंख्या आणि तिचे भाविक, दोन्ही शेजारीशेजारी छापलेले असले, तरी ती दोन वेगवेगळी माणसे असू शकतात.

यंदा मी तोच उतारा पुन्हा दिला, तासभर चर्चा करून. डिचोलीकडच्या एका विद्यार्थ्याने संस्कृत शब्दांच्या वाटेलाच न जाता लिहिले : ‘मंडळीत नाव असलेले’, ‘मंडळीच्या घरचे’ आणि ‘मंडळीला येणारे’. पारिभाषिक कोशाच्या समितीला हे कदाचित चालणार नाही, शब्द लांब आहेत. मला पूर्ण गुण द्यावेसे वाटले आणि मी दिले. उत्तरपत्रिका घेऊन तो दारापर्यंत गेला आणि परत आला. म्हणाला, ‘‘बाई, आणि ज्याचे नाव मिसिसिपीत आहे आणि तो शिकागोत वारला, त्याला कुठल्या काउंटीत धरायचे?’’